स्वतःच्या अभिनंदनाचा फळा

माणसाने स्वतःच्या हाताने काय काय करावं याला काही मर्यादा असावी. स्वतःचे केस स्वतः कापू नयेत, स्वतःच्या लग्नासाठी पत्रिका स्वतः जुळवायला बसू नये, आणि स्वतःच्या अभिनंदनाचा फळा तर मुळीच लिहू नये. मी तो लिहिला आहे. चांगले तीन तास घालवून, चार रंगांत, कडेच्या वेलबुट्टीसकट लिहिला आहे. त्यातलं अक्षरन्अक्षर देखणं होतं. फक्त मजकूर खोटा होता.

गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली, विजेच्या मीटरांसमोर एक काळा फळा आहे. चाळीत चव्वेचाळीस बिऱ्हाडं, आणि सगळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आहेत. तरी फळ्यावर आल्याशिवाय आमच्याकडे कुठलीच बातमी खरी मानत नाहीत. उद्या पाणी येणार नाही असं ग्रुपवर आलं की खाली दहा जण विचारतात, "फळ्यावर आहे का?" नसलं तर कुणी बादल्या भरत नाही.

हा फळा मी आठवीपासून लिहिते. त्याआधी पहिल्या मजल्यावरचे एक मास्तर लिहायचे, शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी चाळीतल्या झाडून सगळ्या पोरांना ओळीने बसवून 'सार्वजनिक' हा शब्द लिहायला लावला आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "ही." मग दोन वर्षं त्यांनी मला पिदडलं. खडू साखरेच्या पाण्यात भिजत घालायचा, म्हणजे रंग उठून दिसतो आणि कुणाचा खांदा लागला तरी पुसला जात नाही. रेघा मारायला सुतळीला खडूची पूड लावायची, ताणून धरायची आणि सोडायची. शिवाय मास्तरांचे कायदे होते. कुणी गेलं तर फक्त पांढरा खडू, नक्षी नाही, ठिपकासुद्धा नाही. आनंदाची बातमी असली तर रंग. आनंदाची बातमी कधी पुसायची नाही, दुसरी आनंदाची येईपर्यंत ती तशीच राहते. मध्ये पाणी-बिणी काही आलं तर ते कोपऱ्यात दाटीवाटीने लिहायचं. आनंद पुसायचा हक्क एरवी फक्त मरणाला. आणि फळ्यावर खोटं लिहायचं नाही. हा शेवटचा कायदा ऐकून मला हसू आलं होतं. फळ्यावर खोटं कोण कशाला लिहील?

मास्तर गेले तेव्हा त्यांचा फळा मीच लिहिला. रडत रडत लिहिला, पण ओळ वाकडी जाऊ दिली नाही. वरून बघून मार्क कापतील अशी मला खरोखर भीती वाटत होती.

घरी माझ्या अक्षराचं कौतुक नव्हतं असं नाही. होतं, पण ते पापडाच्या कौतुकासारखं होतं. पानात असला तर छान, पण नुसत्या पापडावर कोण जेवतं? बाबा विमा कंपनीत चौतीस वर्षं कारकून होते. ते म्हणायचे, "अक्षर वाईट असलं की माणूस डॉक्टर होतो, चांगलं असलं की कारकून." त्यांचं स्वतःचं अक्षर मुंगीएवढं. ओळीच्या शेवटी ते खाली घसरत जायचं, म्हणून ते भिंतीवर, फळ्यावर, कॅरमच्या बोर्डावरदेखील कधी काही लिहीत नसत. त्यांची एक गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. त्यांच्या ऑफिसात पाट्या रंगवायला एक पेंटर यायचा. साहेबांच्या नावाच्या पाट्या, 'आत येण्यास मनाई', सगळं तोच लिहायचा. मग स्टिकर कापायचं मशीन आलं आणि पेंटर घरी बसला. "राजासारखं अक्षर होतं त्याचं," बाबा म्हणायचे. "काय उपयोग?" आणि माझ्याकडे बघायचे. मी उठून खडू भिजत घालायला जायची.

आमच्या घराण्याचा मानबिंदू म्हणजे माझी आत्या. ती बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली, शिवाजी पार्कला राहते आणि रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारते. जगातल्या कुठल्याही नोकरीबद्दल ती तीन शब्दांत तीन प्रश्न विचारते. पेन्शन? बदली? मेडिकल? एकदा कुणीतरी घरात अंतराळवीरांचा विषय काढला होता, तर तिने तेव्हाही हेच विचारलं.

तेव्हा बी.कॉम. झाल्यावर मला बँकेच्या परीक्षांच्या क्लासला घातलं यात नवल काहीच नाही. क्लास दादरला होता. स्टेशनपासून क्लासपर्यंत मी दुकानांच्या पाट्यांना मार्क देत जायची. एका साडीच्या दुकानाला मी दहापैकी नऊ दिले होते, एका मिठाईवाल्याला नापास केलं होतं आणि त्याच्या पेढ्यांनासुद्धा मी कधी माफ केलं नाही. क्लासमध्ये सर गाड्यांचे वेग काढायला शिकवायचे आणि मी वहीच्या मागच्या पानावर 'ज्ञ' काढत बसायची. सरांनी एकदा वही उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, "हिचं उत्तर चुकलंय, पण काय सुंदर चुकलंय."

मी दर फळ्याचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायची. 'पाणीपुरवठा बंद', 'हळदीकुंकू', 'गच्चीवर गाद्या वाळत घालू नयेत', सगळं. एक दिवस एका अनोळखी बाईंचा मेसेज आला: "गच्चीतला ग तुम्ही असा का काढलात?" मला वाटलं भांडायला आल्या आहेत, म्हणून मी तयारीत उत्तर दिलं. तर त्या म्हणाल्या, "परळला येऊन समजावून सांगाल का?"

परळला एका जुन्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक गाळा होता. खाली बॅटऱ्या दुरुस्त करणारा, वर हे. आत पाच माणसं एका मोठ्या पडद्यासमोर उभी राहून 'ळ'च्या पोटाबद्दल भांडत होती. एक म्हणत होता, पोट सुटलंय. दुसरी म्हणत होती, आत घेतलं तर श्वास कसा घेणार तो? ही माणसं संगणकासाठी आणि फोनसाठी मराठी अक्षरं बनवतात, हे मला तिथे कळलं. फोनवर रोज वाचतो ते एकेक अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तीन तास थांबले आणि भांडणात भाग घेऊन जिंकले. बाईंना सगळे ताई म्हणायचे, मीही म्हणू लागले. पुढचे सहा महिने मी दर शनिवारी परळला जात होते. घरी सांगितलं होतं, "प्रॅक्टिस टेस्ट असते."

खोटं तिथून सुरू झालं, हे मला मान्य आहे.

एका शनिवारी ताई म्हणाल्या, "पूर्ण वेळ ये. पहिलं वर्ष शिकाऊ म्हणून. पगार बेताचा आहे, खोटं सांगत नाही." मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, आधी बँकेचा निकाल लागू दे. माझा बेत साधा होता. घरच्यांच्या मनासारखी परीक्षा द्यायची, मनासारखं नापास व्हायचं, सगळ्यांनी मिळून चार दिवस वाईट वाटून घ्यायचं आणि मग पडत्या फळाची आज्ञा म्हणून परळला जायचं. कुणी दुखावलं जाणार नाही, भांडण नाही, तंटा नाही. नापास व्हायची माझी पूर्ण तयारी होती. पास व्हायची तयारीच नव्हती.

आणि मी पास झाले. मुलाखतीत छंद विचारला तेव्हा मी "अक्षर" म्हणाले होते. बहुतेक त्या लोकांना वाटलं, फॉर्म नीट भरेल.

निकाल मंगळवारी लागला. आईने देवासमोर साखर ठेवली, मग माझ्या तोंडात कोंबली आणि रडली. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस बिऱ्हाडांत पेढे गेले. बाबांनी काहीच आरडाओरडा केला नाही. ते बाहेर गेले आणि दोन तासांनी चाकांची एक मोठी निळी बॅग घेऊन आले. आमच्या घरात तोवर कुणी चाकांची बॅग घेतली नव्हती. "तालुक्याच्या गावी पोस्टिंग मिळतं पहिलं," ते म्हणाले आणि बॅग गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघितली. मग परत चालवून आणली. शेजारच्या दारातून कुणी डोकावलं की थांबून सांगायचे, "हिच्यासाठी." मला त्या चाकांचा आवाज ऐकवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

रात्री जेवताना सांगायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "आता माझी काळजी मिटली गं." झालं, मी आणखी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस आले. चिटणीसकाका म्हणजे चाळीच्या पाण्यापासून पूजेपर्यंत सगळ्याची काळजी वाहणारा माणूस. त्यांच्या हातात मजकुराचा कागद होता.

"फळा लिहायचाय."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच. आणि रविवारी सत्यनारायणाच्या पूजेला तुझा सत्कार. शाल, श्रीफळ. शाल आणलीय मी."

"काका, स्वतःचं अभिनंदन स्वतः कसं लिहायचं?"

"मग काय मी लिहू? माझं अक्षर बघून लोक समजतील पोरीला नोटीस आलीय."

मजकूर असा होता: 'आपल्या चाळीची सुकन्या हिची बँकेत अधिकारी म्हणून निवड झाल्याबद्दल तिचे हार्दिक अभिनंदन. ती लवकरच रुजू होत आहे. समस्त रहिवासी.' रुजू होत आहे. मी तो कागद धरून उभी राहिले आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खाली फळा कोराच होता, खडू भिजत घातलेले होते, आणि माझ्या हाताला, काय सांगू, खाज सुटली होती.

मी लिहायला लागले आणि मजकूर विसरून गेले. खरंच विसरले. 'अभिनंदन'मधल्या 'अ'ला बाक किती द्यायचा, 'हार्दिक'चा रफार कुठे बसवायचा, 'रुजू'ला पिवळा की केशरी, एवढंच डोक्यात. तीन तास माझ्या मनात ना बँक होती ना परळ. कडेला अशी वेल काढली की चिटणीसकाका म्हणाले, "लग्नाची पत्रिकाच वाटतेय." सगळे रंगीत खडू त्या वेलीत संपले. आयुष्यात इतका चांगला फळा मी लिहिला नव्हता. खाली उभ्या बायका म्हणत होत्या, "नशीब काढलंन हो पोरीने," आणि एकही म्हणत नव्हती की अक्षर बघा. बाबा बाजारातून येताना थांबले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अ छान उभा राहिलाय." बस. एवढंच. मी खुश झाले आणि पुढच्याच क्षणी मला मास्तर आठवले. मास्तरांचा शेवटचा कायदा मी मोडला होता, तोही केशरी आणि पिवळ्या रंगात.

गुरुवारी चिटणीसकाका पाण्याची सूचना घेऊन आले. मला इतका आनंद झाला की मी ओलं फडकं घेऊनच धावले.

"पुसतेस काय?" ते ओरडले. "आनंदाची बातमी आहे. कोपऱ्यात लिही."

लिहिलं कोपऱ्यात. स्वतःचे कायदे स्वतःच्या गळ्यात अडकतात ते असे.

शुक्रवारी सकाळी मी शिवाजी पार्कला गेले, आत्याला गाठायला. ती फेरी मारत होती. फेरी पूर्ण झाल्याशिवाय ती कुणासाठी थांबत नाही, म्हणून मी तिच्या शेजारून जवळजवळ पळत बोलत होते.

"आत्या, मला ती बँकेची नोकरी नकोय."

"दुसरी लागली?"

"हो. परळला. अक्षरं काढायची."

"पेन्शन?"

"नाही."

"बदली?"

"गाळा एकच आहे. बदली झाली तर दारापासून खिडकीजवळ होईल."

"मेडिकल?"

"डोकं दुखलं तर ताई बाम देतात."

"मग आहे काय तिथे?"

"'ळ' आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आत्या चक्क थांबली. फेरी अर्धी सोडून कट्ट्यावर बसली. मला वाटलं आता तिचं काहीतरी जुनं दुःख निघणार, तिला गायिका व्हायचं होतं वगैरे. तसलं काही निघालं नाही. ती म्हणाली, "मला बँक आवडायची. लोकांना वाटतं मी घरासाठी खस्ता खाल्ल्या. छे. सकाळी कुलूप काढून आत शिरलं की मला बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही. तुला तिथे सुट्टीच्या दिवशी जावंसं वाटतं?"

"मी सुट्टीच्याच दिवशी जाते."

"मग बँकेची खुर्ची अडवू नकोस. वेटिंग लिस्टवर कुणीतरी पोरगी नखं खात बसली असेल."

"बाबांना तू सांगशील?"

"मी काय म्हणून सांगू? नोकरी तू सोडणार, बोलणी मी खाऊ? आणि रविवारच्या आत सांग. खोट्याची शाल अंगावर पडली तर मी स्वतः स्टेजवर येऊन ती काढून घेईन. मला ओळखतेस तू."

ओळखत होते. म्हणूनच शुक्रवार आणि शनिवार मी घरात बाबांच्या मागे मागे हिंडत होते. ते नखं कापत होते तेव्हा तोंड उघडलं, ते म्हणाले, "हलू नकोस, उजेड अडतो." ते बॅगेला छोटं कुलूप लावत होते तेव्हा उघडलं, त्यांनी दोन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "एक तुझ्याकडे, एक आईकडे," म्हणाले. आता बोला. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी पोरगी नाही, रिक्षावाल्याशी भांडते, ताईंशी भांडते. पण बाबांसमोर शब्द फुटेना. त्यांना घाबरत होते असं नव्हे. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मी पहिल्यांदा बघत होते आणि तो मीच पुसायचा होता.

रविवारी पहाटे जाग आली तेव्हा एकदम सुचलं, मला बोलता येत नाही तर नाही, लिहिता येतं. खाली गेले. पाणी आलेलं होतं, सगळे नळावर किंवा अंथरुणात. मी ती वेल पुसली. पुसताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. डब्यात बघितलं तर रंगीत एकही नाही, फक्त पांढरे. म्हटलं चालेल, मजकूर महत्त्वाचा. आणि लिहिलं:

'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, आपल्या चाळीच्या मुलीने बँकेची नोकरी न स्वीकारण्याचे ठरविले आहे. सबब आजचा सत्कार रद्द करण्यात येत आहे. पूजा व प्रसाद ठरल्या वेळी होईल. झालेल्या गैरसोयीबद्दल मुलगी दिलगीर आहे.'

आणि वर जिन्याच्या वळणावर अंधारात जाऊन बसले, बाबा दूध आणायला उतरतील त्याची वाट बघत.

माझ्यासारख्या फळेवालीने एवढी मोठी चूक करावी याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आनंदाची बातमी पुसलेली. वर नुसता पांढरा खडू. नक्षी नाही. चाळीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पहिल्यांदा उतरले ते दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. चाळीत कुणी गेलं की पुढची सगळी तयारी तेच करतात, हौसेने म्हणणार नाही पण तत्परतेने. त्यांनी चष्म्याशिवाय लांबूनच फळा बघितला, कपाळाला हात लावला आणि परत वर गेले. दोन मिनिटांत शर्ट घालून, खांद्यावर पंचा टाकून खाली आले. येताना त्यांनी गॅलरीत हलक्या आवाजात सांगितलं असावं, कारण दारं उघडायला लागली. बायका पदर सावरत आल्या आणि फळ्यापासून लांबच थांबल्या. कुणीतरी गॅस बंद केल्याचं सांगितलं. "कोण हो?" "रात्रीपर्यंत तर सगळे बरे होते." "तळमजल्यावरच्या काकूंना दम लागत होता कालपासून." तळमजल्यावरच्या काकूंनी हे दारात उभं राहून ऐकलं.

आणि बाबा आले. बनियनवर, हातात दूध आणायची रिकामी पिशवी. गर्दी बघून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि पुढे झाले. बाबांनी चौतीस वर्षं कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही केली नाही. फळाही त्यांनी तसाच वाचला. वरपासून खालपर्यंत, आणि मग परत एकदा.

"कोण गेलं?" आजोबांनी विचारलं.

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "नोकरी गेली."

कुणालातरी हसू फुटलं, मग दाबलं गेलं. मी जिन्यावरून उतरले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"हे घरात सांगता येत नव्हतं?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि बरं झालं असतं.

"तोंडाने नाही आलं, बाबा."

"आणि पांढऱ्याने का लिहिलंस?"

"रंगीत संपले. अभिनंदनाला लागले."

त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि दूध न आणताच वर गेले. आजोबा पंचा घडी करत म्हणाले, "स्मशानातून आल्यावर करू म्हणून मी आंघोळसुद्धा ठेवली होती ना," आणि हळूहळू सगळे पांगले. तळमजल्यावरच्या काकू पुढे आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

घरी आई कोपऱ्यात बसून रडत होती. "पेढे वाटले मी," ती म्हणत होती. "चव्वेचाळीस घरं. आता काय दारोदार जाऊन परत मागू?" मी म्हटलं, "खाल्ले असतील गं त्यांनी." त्यावर ती जास्तच रडली. मलाही रडू आलं. आम्ही दोघी रडलो आणि मग पूजेला शिऱ्याचा रवा भाजायचा होता म्हणून उठलो. पूजा झाली. सत्काराची शाल चिटणीसकाकांनी गुरुजींना दिली. गुरुजी इतके चकित झाले की त्यांनी आरती एक कडवं जास्त म्हटली.

बाबा पूजेला बसले, प्रसाद घेतला, माझ्याशी बोलले नाहीत. मी मनात ठरवलं, ते नकोच म्हणाले तर जायचं नाही. असं कसं ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरवलं. ताईंनी सोमवारपासून कामावर बोलावलं होतं. बाबांना न बोलतं ठेवून मला 'ळ'चं पोट काढता आलं नसतं.

दुपारी जेवताना ते एकदम म्हणाले, "तिथे मशीन येईल."

पेंटर. मला कळलं, त्यांच्या डोळ्यासमोर तो पेंटर होता. रागाने गप्प बसले नव्हते ते, भीतीने बसले होते. शंभर वेळा ती गोष्ट ऐकून मला पहिल्यांदा उत्तर सुचलं.

"बाबा, मशीनला अक्षर कुणीतरी काढून द्यावं लागतं. मशीनला कुठे येतं? ते काढून देणारी माणसं आहोत आम्ही."

त्यांनी शेजारी ठेवलेला फोन उचलला. चाळीचा ग्रुप उघडला, सकाळपासून तिथे माझ्यावर ऐंशी मेसेज आले होते. "हे? हे पण कुणी काढलंय?"

"एकेक अक्षर. बसून."

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन नाकाजवळ नेला आणि माझी निंदा किती तरी वेळ बघत राहिले. वाचत नव्हते, बघत होते. आमटी निवली.

"कधीपासून जायचंय?"

"उद्यापासून म्हणाल्यात."

"हं," म्हणाले, आणि हात धुऊन शर्ट चढवला. "जरा जाऊन येतो."

संध्याकाळी ते परत आले आणि टीव्ही लावला. दिवेलागणीला मी सकाळचा तो करंटा फळा पुसायला फडकं घेऊन खाली गेले. मीटरांच्या पेटीवर रंगीत खडूंचा नवा कोरा डबा होता. त्यातला गुलाबी तेवढा अर्धा मोडलेला. आणि फळ्यावर माझ्या पांढऱ्या मजकुराखाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन गुलाबी ओळी होत्या. खडू भिजवलेला नव्हता, त्यामुळे फिकट. डावीकडे सुरू होऊन उजवीकडे घसरत घसरत पार चौकटीला टेकल्या होत्या. मला वाकून, अगदी नाक लावून वाचावं लागलं.

'सदर मुलगी उद्यापासून परळ येथे अक्षरे काढण्याच्या कामावर रुजू होत आहे. सबब अभिनंदन. वडील.'

एकही अक्षर धड नव्हतं. 'ळ' तर आडवाच पडला होता. मी फडकं हातात धरून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले, आणि रडता रडता मला हसू येत होतं, कारण 'सबब अभिनंदन' असं जगात कुणी लिहीत नाही.

सोमवारी सकाळी मी निघाले तर चिटणीसकाका खालीच भेटले, हातात कागद. उद्या पुन्हा पाणी नाही. "ते सगळं पुसून टाक आता," ते म्हणाले, "आणि हे मोठ्या अक्षरात घे. खालचं तर काही वाचतासुद्धा येत नाही."

"आनंदाची बातमी आहे काका," मी म्हटलं, आणि पाण्याचं कोपऱ्यात लिहून परळला गेले. दहा मिनिटं उशीर झाला.